लिंबावरचा खैऱ्या आणि पेशीचा उंबरठा

आमच्या श्रीगोंद्याच्या बागेतल्या कागदी लिंबांवर पावसाळ्यात खैऱ्या येई. आधी पानांवर, मग कोवळ्या फांद्यांवर आणि शेवटी फळांवर तपकिरी, खरखरीत, कडेने उचललेले आणि मधोमध खोलगट असे डाग पडत, त्यांच्याभोवती पिवळसर वलय दिसे, आणि आतला रस कितीही चांगला असला तरी बाजारात अशा लिंबांना कुणी विचारीत नसे. अण्णा ताम्रयुक्त औषधाची फवारणी करीत, रोगट फांद्या छाटून जाळून टाकीत आणि नागअळीने पोखरलेल्या पानांकडे आधी लक्ष द्या असे आम्हाला बजावीत, कारण त्या जखमांतूनच रोग आत शिरतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. शिरल्यावर तो पानाच्या आत नेमके काय करतो, असे मी त्यांना एकदा विचारले होते. ‘ते तू शीक आणि मला सांग,’ एवढेच ते म्हणाले.

उत्तर हाती यायला बराच काळ गेला, आणि आले तेव्हा मी झाडांवर नव्हे तर माणसाच्या पेशींवर काम करीत होतो. खैऱ्याचा जिवाणू झँथोमोनास कुळातला आहे. तो पानाच्या पेशीला चिकटतो, आपल्या अंगातून सुईसारखी पोकळ नळी बाहेर काढतो आणि तिच्यातून स्वतःची काही प्रथिने थेट पेशीच्या आत सोडतो. त्यांपैकी पीटीएचए नावाचे प्रथिन पेशीच्या केंद्रकात जाते, लिंबाच्या डीएनएवरची एक ठरावीक जागा शोधून तिथे बसते आणि एलओबी१ हे झाडाचे स्वतःचेच जनुक चालू करते. या जनुकाची भूमिका २०१४ मध्ये स्पष्ट झाली. ते चालू झाले की पानातल्या पेशी फुगतात, वाढतात, वरची त्वचा फाटते आणि आपल्याला दिसतो तो खवडा तयार होतो; त्याच फटीतून जिवाणू बाहेर पडून पावसाच्या थेंबांबरोबर शेजारच्या पानावर जातात. परक्या पेशीत जनुकनियामक प्रथिन पोहोचवणे हेच काम माझ्या पीएच.डी.चे होते, फक्त लिंबाच्या जागी माणसाची पेशी होती आणि प्रथिन आम्ही घडवलेले होते. जिवाणू जे एका ओल्या रात्रीत उरकतो त्यावर माझी तीन वर्षे गेली, आणि त्या तीन वर्षांत मला सर्वांत जास्त शिकवले ते एका फसव्या हिरव्या प्रकाशाने. त्याची हकिगत पुढे येईलच.

आधी प्रथिनांविषयी. माणसाच्या प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीत सुमारे वीस हजार प्रथिनांची जनुके असतात, पण यकृताची पेशी त्यांतली काही वाचते आणि मेंदूची पेशी वेगळी काही. जनुकांच्या या पुस्तकातले कोणते पान उघडायचे आणि कोणते बंद ठेवायचे हे ठरवणारी प्रथिने म्हणजे जनुकनियामक प्रथिने. त्यांचे साधारण दोन भाग असतात: एक भाग डीएनएवरची अक्षरे वाचून जागा ओळखतो आणि दुसरा तिथे बसून जनुकाला चालना देतो किंवा गप्प करतो. हे दोन भाग एकमेकांपासून सुटे करता येतात, आणि वाचणारा भाग आपल्याला हवा तसा घडवून त्याला हवा तो काम करणारा भाग जोडता येतो, या एका गोष्टीवर हे सारे क्षेत्र उभे आहे.

वाचणाऱ्या भागाचे पहिले सोपे रूप सापडले ते बेडकाच्या अंड्यांत. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत ॲरन क्लुग आणि त्यांचे सहकारी आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाच्या एका नियामक प्रथिनाचा अभ्यास करीत होते. १९८५ मध्ये त्यांनी दाखवले की या प्रथिनात सुमारे तीस अमिनो आम्लांचा एकच घाट नऊ वेळा आला आहे आणि प्रत्येक घाट जस्ताच्या एका अणूभोवती घट्ट आवळलेला आहे. डीएनएला बोटांसारखे धरणारे म्हणून त्यांना झिंक फिंगर हे नाव पडले. मराठीत जस्तबोटे म्हणायला मला आवडते. १९९१ मध्ये निकोला पाव्हलेटिच आणि कार्ल पाबो यांनी उंदराच्या झिफ२६८ या तीन बोटांच्या प्रथिनाची डीएनएला बिलगलेल्या अवस्थेतली स्फटिकरचना मांडली, आणि एकेक बोट साधारण तीन अक्षरे वाचते हे डोळ्यांना दिसले. मग हिशेब सरळ होतो. तीन बोटे नऊ अक्षरे वाचतात, पण नऊ अक्षरांचा एखादा शब्द ३२० कोटी अक्षरांच्या आपल्या जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएमध्ये, हजारो ठिकाणी येणारच. सहा बोटे जोडली की अठरा अक्षरे होतात. डीएनएच्या चार अक्षरांतून तेवढ्या लांबीचे वेगवेगळे शब्द सुमारे ६,९०० कोटी होतात, म्हणून असा शब्द आपल्या जीनोममध्ये केवळ योगायोगाने दुसऱ्यांदा आढळण्याचा संभव फार कमी. १९९४ मध्ये क्लुग यांच्याच चमूने रक्ताच्या कर्करोगातल्या एका जोडजनुकाविरुद्ध, म्हणजे दोन जनुके चुकून जुळून झालेल्या जनुकाविरुद्ध, तीन बोटांचे प्रथिन घडवून उंदराच्या पेशींत ते जनुक दाबून दाखवले.

पुढची दोन रूपे थोडक्यात सांगतो. २००९ मध्ये झँथोमोनासच्या वर सांगितलेल्या प्रथिनांची, म्हणजे टेल प्रथिनांची, लिपी दोन गटांनी स्वतंत्रपणे उलगडली: सुमारे चौतीस अमिनो आम्लांचा एक घाट म्हणजे डीएनएचे एक अक्षर, आणि कोणते अक्षर ते घाटातल्या बाराव्या व तेराव्या जागेवरून ठरते. लिंबाला छळणाऱ्या प्रथिनाचे कुळ अशा रीतीने प्रयोगशाळेच्या हत्यारांत आले. २०१३ मध्ये क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्रातल्या कॅस९ या प्रथिनाची कापण्याची धार बोथट करून त्याचे जनुकनियामक बनवले गेले, आणि आता प्रत्येक नव्या जागेसाठी नवे प्रथिन घडवण्याऐवजी त्याला जागा दाखवणारा आरएनएचा एक तुकडा बदलला तरी भागू लागले. मात्र कॅस९ अवजड आहे. त्यात १,३६८ अमिनो आम्ले आहेत, तर सहा जस्तबोटे दोनशेच्या आत आटोपतात. हा फरक दारापाशी आल्यावर फार महत्त्वाचा ठरतो.

दार म्हणजे पेशीपटल. त्याची जाडी साधारण पाच नॅनोमीटर, पण आतला भाग तेलकट, त्यामुळे पाण्यात राहणारे, विद्युतभार असलेले मोठे प्रथिन त्यातून आपोआप पार होत नाही, आणि पेशीच्या दृष्टीने ते होऊ नये हेच योग्य आहे. म्हणून बहुतेकांनी दुसरी वाट धरली: प्रथिन न देता त्याचे जनुक द्यायचे आणि पेशीलाच ते बनवू द्यायचे. एएव्ही नावाचा निरुपद्रवी विषाणू त्यासाठी वापरतात. पण त्याच्या कवचात सुमारे ४,७०० अक्षरेच मावतात आणि कॅस९चे जनुकच सुमारे ४,१०० अक्षरांचे आहे, म्हणजे नियामक भागाला जागा उरतच नाही. शिवाय अनेकांच्या रक्तात या विषाणूंविरुद्ध आधीपासून प्रतिपिंडे असतात. आणि सर्वांत अवघड मुद्दा म्हणजे चेतापेशींसारख्या न विभागणाऱ्या पेशींत ते जनुक वर्षानुवर्षे बोलत राहते. परके प्रथिन आयुष्यभर पेशीत बनत राहावे हे औषध देणाऱ्याला नेहमीच हवे असते असे नाही. प्रथिन थेट दिले तर ते काही तासांत किंवा दिवसांत झिजून जाते, मात्रा कमीजास्त करता येते आणि चूक झाली तर थांबता येते.

या वाटेचा आरंभ मला नेहमीच चमत्कारिक वाटत आला आहे, कारण पेशीपटल ओलांडताना प्रथम सापडलेली दोन्ही प्रथिने मुळात जनुकनियामकच होती. १९८८ मध्ये ॲलन फ्रँकेल आणि कार्ल पाबो यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे मॉरिस ग्रीन आणि पॉल लोवेनस्टाइन यांनी दाखवले की एचआयव्ही विषाणूचे टॅट हे प्रथिन नुसते पेशींभोवतीच्या द्रवात टाकले तरी पेशींच्या आत पोहोचते आणि केंद्रकात जाऊन आपले काम करते. हे पाबो तेच, ज्यांनी तीन वर्षांनी जस्तबोटांची रचना मांडली. जस्तबोटे ही किल्ली आणि पेशीपटल हा उंबरठा, असे या विषयाचे दोन्ही धागे एकाच माणसाच्या हातून गेले आहेत, आणि तरीही ते एकत्र विणायला इतरांना पुढे कित्येक वर्षे लागली. १९९१ मध्ये पॅरिसमध्ये आलँ प्रोशियांत्झ यांच्या चमूला फळमाशीच्या अँटेनापीडिया या नियामक प्रथिनाचा साठ अमिनो आम्लांचा तुकडा चेतापेशींत शिरताना आढळला. पुढे लक्षात आले की पूर्ण प्रथिनाची गरजच नाही. टॅटमधली अकरा अमिनो आम्ले पुरतात, आणि त्या अकरांपैकी आठ धनभारित आहेत. पेशीच्या बाहेरच्या अंगाला ऋणभारित शर्करांची झालर असते; तिला हे तुकडे चिकटतात आणि मग आत ओढले जातात. या तुकड्याची शेपटी आपल्या प्रथिनाला जोडली की काम झाले, असे १९९०च्या दशकाच्या अखेरीस सर्वांना वाटू लागले होते.

मलाही तसेच वाटले होते. माझे प्रथिन असे होते: सहा जस्तबोटे, त्यांना जोडलेला नागिणीसारख्या फोडांच्या हर्पिस विषाणूतून घेतलेला चालना देणारा भाग, पुढे टॅटची शेपटी आणि दिसावे म्हणून त्याला चिकटवलेला हिरवा चमकता रेणू. ते ई. कोलाय जिवाणूत बनवून शुद्ध करण्यातच पहिले वर्ष गेले. कारण उघड आहे, पण ते मला आधी सुचले नाही: डीएनएला बिलगण्यासाठीच घडवलेले, धनभाराने भरलेले प्रथिन जिवाणूत तयार होताच जिवाणूच्याच डीएनएला मिठी मारून बसते. भरपूर मीठ घालून त्याला सोडवावे लागते, आणि नंतर मीठ कमी केले की ते गुठळ्या होऊन नळीच्या तळाशी बसते. जस्त कमी पडले तर बोटे आवळली जात नाहीत. या काळात माझ्या वहीत ‘खाली बसले’ हे दोन शब्द किती वेळा लिहिले आहेत ते मोजवत नाही.

अखेर एकदा स्वच्छ, विरघळलेले प्रथिन हाती आले. ते मी माणसाच्या पेशींवर टाकले, दोन तास ठेवले, पेशी धुतल्या, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे रसायनाने जागच्या जागी स्थिर केल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. प्रत्येक पेशीचे केंद्रक हिरवेगार चमकत होते. मी ती चित्रे मार्गदर्शकांना दाखवली, त्यांनी पाठ थोपटली, चित्र मोठे करून फळ्याशेजारी लावले गेले. दुसऱ्या प्रयोगात मी अशा पेशी घेतल्या होत्या की ज्यांत माझ्या प्रथिनाने जागा ओळखून जनुक चालू केले तर काजव्याचे प्रकाश देणारे प्रथिन तयार व्हावे आणि यंत्रावर तो प्रकाश मोजता यावा. तिथे काहीच नव्हते. प्रथिन न टाकलेल्या पेशींत जेवढा आकडा येत होता तेवढाच आला. मी पुन्हा केले, मात्रा दुप्पट केली, पेशी बदलल्या, आणि चार महिने एका बाजूला लखलखीत केंद्रके आणि दुसऱ्या बाजूला अंधार अशी परिस्थिती राहिली.

खरे तर याचे उत्तर आधीच छापून आलेले होते आणि मी ते वेळेवर वाचले नव्हते. २००३ मध्ये फ्रान्सच्या माँपेलिये इथल्या बर्नार लेब्लो यांच्या चमूने दाखवले होते की पेशी स्थिर करण्याची क्रियाच फसवणूक करते. रसायनाने पेशी मरते, तिची पटले सैल होतात, आणि तोवर पृष्ठभागावर किंवा आतल्या पिशव्यांत अडकलेले धनभारित तुकडे मोकळे होऊन ऋणभारित डीएनएकडे, म्हणजे केंद्रकाकडे, धाव घेतात. आपण पाहतो ते जिवंत पेशीतले दृश्य नसून तिच्या मृत्यूनंतरची पळापळ असते. मी जिवंत पेशी पाहिल्या, पृष्ठभागावरचे प्रथिन विकराने पचवून काढून टाकले, आणि दिसले ते असे: केंद्रक काळे, आणि त्याच्याभोवती हिरवे बारीक ठिपके. फळ्याशेजारचे चित्र मीच काढून ठेवले.

ते ठिपके म्हणजे पिशव्या. पेशी बाहेरचा घास घेते तेव्हा पटलाचा एक भाग आत दुमडून त्याची पिशवी करते, तिला एंडोसोम म्हणतात. पिशवी पेशीच्या आत असते खरी, पण तिच्या आतला माल पेशीच्या दृष्टीने अजून बाहेरच असतो. पाहुण्याला घरात घेतले पण ओसरीवरच बसवून ठेवले, तसे. पुढे पिशवी आंबट होत जाते आणि शाळेच्या पुस्तकातल्या लयकारिकेला मिळते, जिथे प्रथिनांचे तुकडे होतात. टॅटची शेपटी प्रथिनाला ओसरीपर्यंत फार चांगले आणते, माजघरात नेत नाही. हे ओळखून स्टीव्हन डाउडी यांच्या गटाने २००४ मध्ये इन्फ्लुएंझा विषाणूचा एक तुकडा सोबत दिला, जो आंबटपणा वाढताच पटल अस्थिर करतो. त्यांनी मोजमापही चोख ठेवले होते: त्यांचे प्रथिन केंद्रकात पोहोचून डीएनएवर प्रत्यक्ष काम केल्याशिवाय पेशीत चमक दिसणारच नाही अशी रचना होती. तेव्हापासून कुणी मला नुसते चमकणारे केंद्रक दाखवले की मी पहिला प्रश्न जनुकाविषयी विचारतो. पिशवीतून सुटका ही अडचण प्रथिनांपुरती नाही. मेदकणांतून दिलेल्या छोट्या आरएनएचेही २०१३ मधल्या मोजणीत केवळ एक ते दोन टक्के पिशव्यांतून बाहेर पडताना आढळले होते.

मग ही वाट बंदच आहे का? तसे नाही. २००४ मध्येच ताकाशी सेरा यांच्या चमूने रक्तवाहिन्यांच्या वाढीचे जनुक नियंत्रित करणारी जस्तबोटांची प्रथिने पेशींभोवतीच्या द्रवात टाकून ते जनुक वरखाली करून दाखवले होते. २००९ मध्ये प्रौढ पेशीला पुन्हा मूलपेशी बनवणारी, शिन्या यामानाका यांनी शोधलेली चार नियामक प्रथिने जनुकाऐवजी प्रथिनांच्याच रूपात, मागे अर्जिनिन या धनभारित अमिनो आम्लाची माळ लावून, पेशींना पाजली गेली आणि आधी उंदराच्या, मग माणसाच्या त्वचेच्या पेशी पुन्हा मूलपेशी झाल्या. मात्र माणसाच्या पेशींत हे साधले ते लाखात एखादीच्या प्रमाणात. मूलपेशींच्या बाबतीत लाखात एक चालते, कारण ती एक वाढवता येते. रोग्याच्या यकृतात किंवा मेंदूत ते चालत नाही. २०१२ मध्ये कार्लोस बार्बास यांच्या गटाला आढळले की जस्तबोटे मुळातच इतकी धनभारित असतात की डीएनए कापणाऱ्या भागाला जोडलेली असतानाही ती कोणत्याही शेपटीशिवाय माणसाच्या पेशींत शिरतात. हे वाचून मला हसू आले होते. जी मिठी सोडवण्यात माझे वर्ष गेले तीच आत नेण्याचे साधन निघाली.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो अँजलमन आजारावरचा प्रयोग. हा आजार असलेली मुले बोलू शकत नाहीत, त्यांना झटके येतात, चाल डळमळीत असते आणि तरी चेहरा हसरा असतो. दोष पंधराव्या गुणसूत्रावरच्या यूबीई३ए या जनुकात असतो. मेंदूच्या चेतापेशींत या जनुकाची आईकडून आलेली प्रतच काम करते. वडिलांकडून आलेली प्रत धडधाकट असूनही गप्प असते, कारण तिच्याविरुद्ध दिशेने वाचला जाणारा एक लांब आरएनए तिला दाबून ठेवतो. आईची प्रत बिघडली की पेशीजवळ चांगली प्रत असूनही उपयोग होत नाही. डीएनएत काही दुरुस्त करण्याची इथे गरज नाही, फक्त दाबणाऱ्याला दाबायचे आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात डेव्हिड सेगल यांच्या चमूने जस्तबोटे, आपल्या शरीरातल्या शेकडो प्रथिनांत आढळणारा क्रॅब हा गप्प करणारा भाग आणि टॅटची शेपटी असे प्रथिन घडवले, ते शुद्ध करून आजारी उंदरांना मेंदूबाहेर, शरीरात टोचले, आणि २०१६ मध्ये मेंदूत ठिकठिकाणी वडिलांकडची प्रत जागी झाल्याचे दाखवले. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ओलांडून, पेशीपटल ओलांडून, पिशवीतून सुटून केंद्रकात पुरेसे प्रथिन पोहोचले, ही बाब अजूनही मला सहज पचत नाही. पण इंजेक्शने पुन्हा पुन्हा द्यावी लागत होती, कारण प्रथिन झिजते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या कामात त्याच चमूने एएव्हीची वाट धरली, आणि त्यामागचा व्यवहार मला समजतो.

शरीराबाहेर काम करायचे असेल तर प्रश्न निम्मा सुटतो. पेशी काढून घ्याव्यात, त्यांना विजेचा क्षणिक झटका द्यावा, पटलात छिद्रे पडतात, प्रथिन आत जाते, छिद्रे बुजतात. गडचिरोली आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत घरोघर माहीत असलेल्या सिकलसेल आजारावरचा कॅसजेव्ही हा उपचार, ज्याला २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, तो असाच चालतो. त्यात आत जाते ते कापणारे कॅस९ प्रथिन, नियामक नव्हे. पण कापले जाते ते बीसीएल११ए या जनुकाचे बटण, आणि बीसीएल११ए स्वतः गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बंद ठेवणारे जस्तबोटांचे नियामक प्रथिन आहे. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर लावली गेली. धडगावच्या रुग्णाला त्याचा आज काडीचा उपयोग नाही, आणि शरीराबाहेर न काढता, सुईने देता येणाऱ्या उपचाराची ओढ मला वाटते ती मुख्यतः याच कारणाने.

सुईची ती वाट गेल्या काही वर्षांत एका तडजोडीतून मोकळी झाली आहे. प्रथिन नको, जनुकही नको, मधला संदेशवाहक आरएनए द्यायचा, करोनाच्या लशींत दिला तसा मेदाच्या कणांत गुंडाळून. पेशी त्यावरून काही तास प्रथिन बनवते आणि दोन्ही नष्ट होतात. इथे प्रश्न येतो की दोन दिवस टिकणाऱ्या नियामकाचा काय उपयोग? त्याचे उत्तर इटलीतल्या मिलानच्या आंजेलो लोंबार्दो यांच्या चमूने दिले. क्रॅबच्या जोडीला त्यांनी डीएनएवर मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणा उमटवून जनुक गप्प ठेवणारे भाग जोडले. या खुणा पेशी स्वतःच जपते. ती विभागली तर नव्या पेशीतही त्यांची नक्कल करते. म्हणजे प्रथिनाने एकदा यावे, शिक्का मारावा आणि निघून जावे. २०२४ मध्ये त्यांनी कोलेस्टेरॉलशी संबंधित पीसीएसके९ हे जनुक उंदरांच्या यकृतात एकाच इंजेक्शनने दाबले; रक्तातले त्याचे प्रथिन सुमारे निम्म्यावर आले आणि जवळपास वर्षभर तसेच राहिले. टेल आणि कॅस९ही तपासली होती, पण सर्वांत चांगली ठरली ती जुनी जस्तबोटे. ज्या अल्पायुष्याला आम्ही दोष मानत होतो ते आता गुण ठरले आहे, आणि माझ्या मते थेट प्रथिन देण्याचा विचार पुन्हा मांडायला हीच खरी जागा आहे: जे एकदाच जायचे आहे त्याला लाखो प्रतींची फौज लागत नाही.

मात्र मेदाचे हे कण शिरेतून दिले की बहुतांशी यकृतात जातात. कान, मेंदू, स्नायू, अस्थिमज्जा यांसाठी दुसरे वाहन हवे. डेव्हिड लिऊ यांच्या चमूने २०१५ मध्ये ऋणभारित प्रथिनांभोवती धनभारित मेद गुंडाळून उंदराच्या आतल्या कानाच्या केसपेशींपर्यंत प्रथिने नेली, आणि २०२२ मध्ये विषाणूचे रिकामे कवच घेऊन त्यात जनुकाऐवजी तयार प्रथिन भरले. दोन्ही कामे उत्तम आहेत. पण माझे मन ओढले गेले ते २०२३च्या एका कामाकडे, कारण तिथे गोष्ट पुन्हा शेताच्या बांधावर आली.

फोटोरॅब्डस हे जिवाणू जमिनीतल्या सूक्ष्म सूत्रकृमींच्या पोटात राहतात. सूत्रकृमी किडीच्या अळीत शिरतो, जिवाणू तिथे सोडतो आणि अळी मरते. या जिवाणूंकडे विषारी प्रथिने टोचणारी एक स्वतंत्र पिचकारी असते: खिळ्यासारखी टोकदार नळी, तिच्यावर आकसणारे म्यान, आणि खालच्या टोकाला पेशी ओळखणारे धागे. जिवाणूपासून सुटी होऊनही ही पिचकारी काम करते. फेंग झांग यांच्या चमूने धाग्यांचे टोक संगणकाने वर्तवलेल्या रचनेच्या आधारे बदलून ते माणसाच्या पेशी ओळखील असे केले, विषाच्या जागी आपल्याला हवी ती प्रथिने भरली, आणि कॅस९ तसेच जस्तबोटांवर आधारलेली, डीएनएची अक्षरे बदलणारी संपादक प्रथिने माणसाच्या पेशींत उतरवून दाखवली; जिवंत उंदराच्या मेंदूतही प्रथिन पोहोचवले. पिचकारी पिशवीची भानगड टाळून थेट पटल भेदते, असा या यंत्रणेचा मूळ डौल आहे, आणि ओसरीवर अडकलेल्या माझ्या प्रथिनासाठी मला हेच हवे होते. प्रतिकारशक्ती तिला किती वेळा खपवून घेईल, हा प्रश्न रोग्यापर्यंत जाताना पहिला उभा राहील. जिवाणूच्या अंगचे एवढे मोठे यंत्र रक्तात दुसऱ्यांदा सोडायचे तर शरीराने ते ओळखलेले असणार.

गेल्या वर्षी गावी गेलो तेव्हा अण्णांना खैऱ्याचे उत्तर सांगितले. नळी, प्रथिन, केंद्रक, एलओबी१, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग ते जनुक चालूच होणार नाही असे लिंबाचे रोप करता येईल का?’ जगात काही प्रयोगशाळा नेमके तेच करीत आहेत, आणि जिथे हे प्रथिन बसते ती जागा बदललेली झाडे रोगाला दाद देत नाहीत असे दिसलेही आहे, हे मी त्यांना सांगितले. दुपारी शेजारच्या उसात हुमणीसाठी हेटेरोरॅब्डायटिस सूत्रकृमी सोडायचे चालले होते. बादलीतल्या पाण्यात भुकटी कालवून सरीत ओतली जात होती. मी रिकामे पाकीट मागून घेतले आणि मागचापुढचा मजकूर वाचला. त्यावर सूत्रकृमीचे नाव होते, मात्रा होती, वापरण्याची मुदत होती; त्याच्या पोटातल्या जिवाणूचे नाव कुठेच नव्हते.